पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज: शेजारचे दात तासण्याआधी हे समजून घ्या

दाढ काढून काही महिने झाले, की बहुतेकांना दुसऱ्या बाजूने चावायची सवय होऊन जाते. दुखत तर नाही, मग विषय मागे पडतो. पुढे कधीतरी दंतवैद्याकडे जाणे होते आणि तिथे कळते, की मोकळ्या जागी ‘फिक्स दात’ हवा असेल तर दोन्ही बाजूंचे दात तासावे लागतील. इथे रुग्ण अडतो. “डॉक्टर, पडला एक दात आणि चांगले दोन दात कापायचे म्हणतात. हे बरोबर आहे का?” हा प्रश्न माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे नेहमी येतो, कारण शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी ही मंडळी दर महिन्याला आमच्याकडेच येत असतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर कधी ‘हो’ असते, कधी ‘नाही’. ते मोकळ्या जागेपेक्षा शेजारच्या दातांच्या अवस्थेवर जास्त अवलंबून असते. ब्रिज बसवणे हे दंतवैद्याचे काम, आणि गुंतागुंतीचे असेल तर कृत्रिम दंतशास्त्रात एमडीएस केलेल्या तज्ज्ञाचे. पण त्या खुर्चीत बसण्याआधी काय माहीत असावे, काय विचारावे आणि तुमच्या इतर आजारांचा व गोळ्यांचा याच्याशी काय संबंध येतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

ब्रिज म्हणजे नेमके काय?

नावाप्रमाणे पूलच. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हे पुलाचे खांब. त्यांना चारी बाजूंनी आणि वरून तासून लहान करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपच्या मध्ये कृत्रिम दात जोडलेला असतो. हे तिन्ही दात एकसंध असतात आणि सिमेंटने पक्के चिकटवलेले असतात. कवळीसारखा ब्रिज रात्री काढून ठेवता येत नाही.

मधल्या दाताला मूळ नसते. तो हिरडीवर हलकासा टेकलेला असतो, एवढेच. त्यामुळे चावताना त्याच्यावर येणारा भारही शेजारच्या दोन दातांच्या मुळांवरच जातो. तीन जणांचे काम दोघांनी करायचे. ते दोघे तब्येतीने कसे आहेत, यावर पुढचे सगळे ठरते. म्हणूनच एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता कोणी थेट माप घ्यायला लागले, तर थांबवून विचारा.

बिलाचेही इथेच समजून घ्या. पडलेला दात एक असला तरी पैसे साधारणपणे ‘युनिट’प्रमाणे, म्हणजे तीन दातांचे लागतात. आधाराच्या दातांचे रूट कॅनल करावे लागले तर त्याचा खर्च वेगळा. हे आधीच लिहून घेतले म्हणजे नंतर वाद होत नाही.

दात बसवायलाच हवा का?

प्रत्येक पडलेला दात परत बसवलाच पाहिजे, असे नाही. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी काही बसवत नाहीत. तिच्या आधीची, म्हणजे दुसरी मोठी दाढ गेली आणि बाकीच्या दातांनी नीट चावता येत असेल, तर कित्येक जण तसेच आयुष्य काढतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. शिवाय शेवटची दाढ गेली की मागच्या बाजूला खांबच उरत नाही. अशा ठिकाणी फक्त पुढच्या दाताला लटकवलेला ब्रिज करणे जोखमीचे असते, कारण दाढेवर जोर फार पडतो.

मधली जागा मोकळी असेल तर मात्र विचार करावा लागतो. शेजारचे दात हळूहळू त्या जागेकडे कलू शकतात. वरचा दात, समोर आधार न राहिल्याने, खाली उतरू लागतो. दातांच्या फटी वाढतात, तिथे अन्न अडकते आणि कीड लागते. हे सगळ्यांच्याच तोंडात होते असे नाही आणि झाले तरी महिन्या-दोन महिन्यांत होत नाही. त्यामुळे ‘आज बसवला नाही तर सगळे दात पडतील’ अशा घाईला बळी पडण्याचे कारण नाही. पण पाच-सात वर्षांनी गेलात आणि तोवर दाढ आडवी कललेली असली, तर तिच्यावर ब्रिज बसवणे अवघड होते, हेही खरे.

आपल्याकडे सर्वाधिक वेळा जाणारी दाढ म्हणजे खालची पहिली मोठी दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दुधाचे दात अजून तोंडात असतात, ती त्यांच्या मागे गुपचूप उगवते, आणि आईवडील तिला दुधाची समजतात. ‘पडेलच पुढे’ म्हणून कीड लागली तरी दुर्लक्ष होते. ती दाढ कायमची असते. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन बघा. तुमच्या ब्रिजपेक्षा हे काम स्वस्तातले आहे.

तासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही

दाताचे वरचे पांढरे कठीण कवच, म्हणजे इनॅमल, शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते. इनॅमल एकदा गेले की गेले. ब्रिजसाठी साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचा थर चारी बाजूंनी काढावा लागतो. आत नस जिवंत असते. तिला ही घासाघीस सोसते, पण नेहमीच नाही. अभ्यासांचे एकत्रित आकडे पाहिले, तर ब्रिजला आधार देणाऱ्या जिवंत दातांपैकी सुमारे १० टक्के दातांची नस १० वर्षांत मरते आणि मग रूट कॅनल करावे लागते.

म्हणून निर्णयाचा पहिला प्रश्न असा: शेजारचे दात कसे आहेत?

त्यांच्यात आधीच मोठी सिमेंट-चांदी भरलेली असेल, रूट कॅनल झालेले असेल, तुकडा उडालेला असेल, तर त्यांना तशीही कॅप लागणारच होती. अशा वेळी ब्रिज हा चांगला सौदा आहे. दोन दातांना संरक्षण मिळते आणि मधली जागाही भरते. पण शेजारचे दोन्ही दात धडधाकट, एकही कीड नसलेले असतील, तर त्यांना तासण्याआधी इम्प्लांटचा पर्याय नीट समजून घ्या. इम्प्लांटमध्ये जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावतात आणि शेजाऱ्यांना हात लागत नाही. त्यासाठी पुरेसे हाड हवे, छोटी शस्त्रक्रिया करावी लागते, काही महिने थांबावे लागते, आणि तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये किंवा शुगर हाताबाहेर असलेल्यांमध्ये ते न टिकण्याचा धोका वाढतो. खर्चही बहुतेक ठिकाणी जास्त असतो.

आणि शेजारचे दात हलत असतील, हिरड्या सुजून रक्त येत असेल, तर सध्या कशाचीच घाई नको. आधी हिरड्यांचा इलाज. खचलेल्या खांबांवर पूल टाकला तर पूल आणि खांब दोन्ही जातात.

समोरचा एखादाच दात गेलेला असेल तर तिसरा एक मार्ग आहे, मेरीलँड ब्रिज. यात शेजारचे दात जवळजवळ तासावेच लागत नाहीत; कृत्रिम दाताला जोडलेला पातळ पंख शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवतात. क्रिकेटचा चेंडू लागून किंवा गाडीवरून पडून दात गेलेल्या मुलांसाठी हा विशेष उपयोगी. त्या वयात जबड्याची वाढ पूर्ण झालेली नसल्याने इम्प्लांट करत नाहीत, आणि कोवळ्या दातातली नस मोठी असल्याने तो तासणेही धोक्याचे. हा ब्रिज सुटू शकतो, पण सुटला तरी खालचा दात शाबूत राहतो. दाढेच्या जागी मात्र तो फारसा टिकत नाही.

काढता-घालता येणारी कवळीही पर्याय आहेच. स्वस्त आहे आणि दात तासावे लागत नाहीत. पण तिची सवय व्हायला वेळ लागतो, आणि एका दातासाठी ती बऱ्याच जणांना नकोशी वाटते. एकापाठोपाठ तीन-चार दात गेले असतील तर मात्र ब्रिजचा हट्ट धरू नये. तेवढा भार दोन दातांना पेलत नाही.

बसवताना काय होते

दात काढल्यानंतर हिरडी आणि हाड बसायला वेळ लागतो. म्हणून कायमचा ब्रिज सहसा दोन ते तीन महिन्यांनी करतात. लगेच केला तर हिरडी नंतर आक्रसते आणि कृत्रिम दाताखाली फट पडते. समोरचा दात असेल तर तोपर्यंत तात्पुरता दात मिळतो.

पुढचे काम दोन-तीन भेटींचे. पहिल्या भेटीत बधिरतेचे इंजेक्शन, दात तासणे, माप घेणे आणि तात्पुरती कॅप. मग लॅबमधून ब्रिज आला की तो घालून बघतात आणि चिकटवतात. घालून बघताना लाजू नका. तोंड मिटल्यावर एकाच ठिकाणी आधी टेकतेय का, रंग जुळतोय का, हे चिकटवण्याआधीच सांगायचे असते. रंग ट्यूबलाइटखाली न बघता खिडकीपाशी जाऊन आरशात बघा. बसवल्यानंतर काही दिवस थंड-गरम लागणे चालते. चावताना सतत ठणकत असेल किंवा दात उंच वाटत असेल तर ‘सवय होईल’ म्हणत बसू नका, परत जाऊन घासून घ्या.

साहित्याबद्दल फार डोके खपवावे असे मला वाटत नाही. आत धातू आणि वर सिरॅमिक, किंवा पूर्ण झिरकोनिया, हे दोन प्रकार सर्रास वापरतात. धातूवाला स्वस्त, पण काही वर्षांनी हिरडीलगत काळपट रेघ दिसू शकते. त्यातल्या मिश्रधातूत बऱ्याचदा निकेल असते. नकली दागिने घातल्यावर तुम्हाला खाज, पुरळ येत असेल तर ते दंतवैद्यांना जरूर सांगा. झिरकोनियासोबत अनेकदा काही वर्षांच्या हमीचे कार्ड मिळते. ती हमी कॅपची असते. कॅपच्या आतल्या तुमच्या दाताला कीड लागणार नाही, अशी हमी कोणी देत नाही.

ब्रिज सहसा आतून बिघडतो

कृत्रिम दाताला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. कीड लागते ती कॅपच्या कडेला, जिथे कॅप संपते आणि तुमचा दात सुरू होतो तिथे. पारंपरिक ब्रिजपैकी सुमारे ९० टक्के १० वर्षांनीही तोंडात असतात, हे आश्वासक आहे. पण जे जातात त्यांच्यामागे कॅपखालची कीड हे मोठे कारण असते.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दोन कॅपपैकी एकीचे सिमेंट सुटणे. दुसरी घट्ट असल्यामुळे ब्रिज निघून येत नाही. रुग्णाला वाटते सगळे ठीक आहे. आत मात्र लाळ आणि अन्नाचे कण शिरत राहतात आणि खालचा दात कुजतो. त्या दाताचे रूट कॅनल झालेले असेल तर दुखतही नाही, कारण दुखायला नसच नाही. कळते तेव्हा अनेकदा दात हिरडीपर्यंत गेलेला असतो, आणि मग एका दाताच्या जागी दोन दातांची जागा मोकळी.

काही खुणा लक्षात ठेवा. एका बाजूने तोंडाला वास किंवा वाईट चव येते. चूळ भरली तरी जात नाही. ब्रिज बोटाने दाबला की कडेने लाळेचे बुडबुडे येतात. चावताना किंचित हालचाल जाणवते. यातले काहीही आढळले तर त्याच आठवड्यात दाखवा. लवकर सापडले तर ब्रिज काढून, दात साफ करून पुन्हा बसवता येण्याची शक्यता असते.

काही त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे.

साफसफाईचे गणित वेगळे आहे. तीन दात जोडलेले असल्याने नेहमीचा फ्लॉस वरून आत जात नाही. एक टोक कडक असलेला फ्लॉस मिळतो. तो सुईत दोरा ओवावा तसा कृत्रिम दाताखालून ओवायचा आणि पुढे-मागे फिरवायचा. नाहीतर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश घ्या. कोणत्या मापाचा घ्यायचा ते दंतवैद्यांकडूनच बघून घ्या. रोज रात्री एकदा पुरे. वयस्कर आईवडिलांच्या तोंडात ब्रिज असेल आणि त्यांना नीट दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल, तर हे काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. टाचणी, सेफ्टीपिन, काडीने कोरणे बंद. मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तिने हिरड्या खाली सरकून कॅपची कड उघडी पडते.

तुमचे आजार, तुमच्या गोळ्या

हा भाग माझ्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर.

मधुमेह असेल तर हिरड्यांचे आजार लवकर होतात, आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग असला की शुगर आटोक्यात येत नाही. दोन्ही बाजूंनी बिघाड. गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसीचा रिपोर्ट सोबत न्या. आणि उपाशीपोटी जाऊ नका. ‘इंजेक्शन आहे’ म्हणून न जेवता, पण शुगरची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून गेलात, तर खुर्चीतच साखर उतरून घाम फुटेल. नेहमीप्रमाणे जेवा, नेहमीप्रमाणे औषध घ्या, आणि शक्यतो सकाळची वेळ मागा.

रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवलेल्यांनी तर हे पाठच करावे. दात तासायला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल थांबवण्याची सहसा गरजच नसते. हिरडीतून आलेले रक्त कापूस दाबून थांबवता येते. स्टेंटमध्ये झालेली गुठळी जिवावर बेतू शकते. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल आणि आधी दात काढायचा असेल, तर आयएनआर तपासून, दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचे.

हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर हिरडीशी संबंधित कामाआधी प्रतिजैविकाचा एक डोस लागतो. तो न विसरता सांगा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडसारखे इंजेक्शन घेतले असेल, किंवा जबड्याला रेडिएशन दिलेले असेल, तर दात काढणे आणि इम्प्लांट यांत जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांसाठी ब्रिज कधीकधी जास्त सुरक्षित ठरतो.

बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगतात. नैराश्य, ॲलर्जी, लघवीच्या तक्रारी यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते, आणि लाळ कमी झाली की कॅपच्या कडेला कीड लवकर लागते. दोन्हींवर उपाय असतात, पण गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय ते दंतवैद्यांना कळणार कसे? तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने तोंड कमी उघडणारे रुग्ण मला दिसतातच. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दाढेवर काम करणे दंतवैद्यांना अशक्यप्राय होते. ब्रिजचे नंतर बघू. ते तोंड आधी तपासून घ्यायला हवे, कारण अशा तोंडात कर्करोगाचा धोका जास्त असतो.

खर्च परवडत नसेल तर

दातांचा असा खर्च आरोग्य विम्यातून बहुधा मिळत नाही, त्यामुळे पॉलिसी वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम करतात. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण काम नीट तपासले जाते.

बाजारात, बस स्टँडपाशी, जत्रेत ‘दहा मिनिटांत फिक्स दात’ बसवणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. शेजारच्या दातांना तार गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकसारखा मसाला थापतात. तो हिरडीत रुततो, खाली साफ करता येत नाही, आणि काही काळाने तिथले चांगले दातही हलू लागतात. हातात पैसे नसतील तर जागा काही महिने मोकळी ठेवा. त्याने एवढे नुकसान होत नाही.

ब्रिज निघून हातात आला तर

तो पाण्याने धुऊन डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत दाखवा. फेविक्विकने चिकटवू नका. त्याने हिरडी भाजते आणि तोच ब्रिज परत नीट बसण्याची शक्यता संपते. उघड्या पडलेल्या तासलेल्या दातांना थंड लागेल, म्हणून त्या बाजूने चावू नका, पण ब्रश करणे थांबवू नका. सैल ब्रिज तोंडात ठेवून झोपू नका. झोपेत तो घशात जाऊ शकतो, आणि गिळल्यानंतर खोकला, घरघर किंवा दम लागत असेल तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयात जा.

कोणत्याही ऑपरेशनसाठी दाखल झालात तर भूलतज्ज्ञांना ब्रिजबद्दल, विशेषतः तो हलत असेल तर, आदल्या दिवशीच सांगा. भूल देताना नळी तोंडातूनच घालतात आणि समोरच्या दातांवर जोर येतो. फॉर्ममध्ये ‘कृत्रिम दात आहेत का’ असा रकाना असतो; तो कवळीपुरताच आहे असे समजून पुष्कळ जण ‘नाही’ लिहितात. ब्रिज असेल तर तिथे ‘आहे’ लिहायचे.